टी रूमचं बुकिंग करताय? आधी कालनिर्णय बघा

आईबाबांना पहिल्यांदा इंग्लिश टी रूममध्ये नेलं, त्या दिवशी संकष्टी होती. हे मला कळलं ते टेबलावर सँडविच-केकने भरलेला तीन मजली स्टँड येऊन बसल्यावर. आईने हात मागे घेतला आणि शांतपणे म्हणाली, "मी नुसता चहा घेईन." जुलै महिना, लीड्समध्ये चंद्रोदय रात्री अकराच्या सुमारास. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे बाबांनी दोघांच्या वाटचं संपवायचा चंग बांधला. रात्री इनो घेतलं.

त्यानंतर गेल्या सहा वर्षांत आईबाबा, सासूसासरे, आत्या आणि भारतातून आलेल्या मैत्रिणी अशा बऱ्याच जणांना मी अशा ठिकाणी नेलंय. प्रत्येक वेळी एक नवी चूक केली. आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत आणि त्यांना काहीतरी "इथलं" दाखवायचंय, अशांसाठी हे लिहितेय.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

मेनूवर तीन-चार सारखी वाटणारी नावं दिसतील. ती एक नाहीत.

आफ्टरनून टी म्हणजे पूर्ण थाट: सँडविच, स्कोन (केक आणि पाव यांच्या मधला, भट्टीत भाजलेला छोटा गोल प्रकार), छोटे केक आणि चहाची किटली. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांत फार अंतर पडतं म्हणून बेडफर्डच्या डचेस अॅना यांनी १८४० च्या सुमारास मधल्या वेळेला चहाबरोबर खायला मागवायला सुरुवात केली, असं सांगतात. आपल्याकडे चार वाजता चहाबरोबर चिवडा निघतो, त्याचंच हे सरदारी रूप.

क्रीम टी म्हणजे फक्त स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम (घट्ट सायीसारखं) आणि चहा. चहात क्रीम घालत नाहीत! हे साधारण निम्म्याहून कमी पैशांत होतं. पोट लहान असलेल्या ज्येष्ठांसाठी माझी शिफारस हीच.

हाय टी हे नाव ऐकून आपल्याला वाटतं की हे सगळ्यांत उच्चभ्रू असणार. मुळात ते कामगारांचं संध्याकाळचं भरपेट जेवण, मांसाचे पदार्थ वगैरे असलेलं. भारतातल्या हॉटेलांनी हा शब्द भलत्याच अर्थाने रुळवलाय. इथे आफ्टरनून टीच म्हणा.

आणि आमच्या उत्तर इंग्लंडमध्ये नुसतं "टी" म्हणजे रात्रीचं जेवण. शेजारणीने "टीला या" म्हटलं तेव्हा मी घरून वरणभात जेवून गेले होते. तिने अख्खी लसानिया भाजून ठेवली होती.

२. जागा निवडा: खरंच जुनी, की जुन्याचा साज?

जुन्या धाटणीच्या टी रूम दोन प्रकारच्या असतात. खरोखर जुन्या, त्याच इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या, हा एक प्रकार. दुसरा म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत कुणीतरी हौसेने सजवलेल्या: क्रोशाचे रुमाल, कापडी पताका, जुना रेडिओ, एकही जोडी न जुळणाऱ्या कपबश्या.

पहिल्या प्रकारातलं आमच्या यॉर्कशरमधलं मोठं नाव म्हणजे बेटीज. फ्रेडरिक बेलमाँट नावाच्या स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये हॅरोगेटला ती सुरू केली. १९३६ मध्ये तो क्वीन मेरी या जहाजाच्या पहिल्या सफरीवर गेला, त्या थाटाच्या प्रेमात पडला आणि यॉर्कच्या सेंट हेलन्स स्क्वेअरमधली टी रूम त्याने त्याच धर्तीवर सजवून घेतली. मोठाल्या वळणदार काचा, लाकडी भिंती. तळघराकडे जाताना एक आरसा आहे, तो चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या तळांवरचे वैमानिक इथे येत आणि हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने या आरशावर नाव कोरत. अशी शेकडो नावं आहेत. बाबा तिथे इतका वेळ उभे राहिले, की वर किटलीतला चहा गार झाला. ग्लासगोच्या बाजूला गेलात तर वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने सजवलेली १९०३ ची विलो टी रूम आहे. तिथल्या उंच पाठीच्या खुर्च्या नीट बघा.

दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा चाळीसचं दशक सजवलेलं असतं. मेनू रेशनच्या पुस्तकासारखा छापलेला, वाढणाऱ्या मुली काळा झगा, पांढरा एप्रन आणि टोपी घालून. हा पोशाख आला लायन्स नावाच्या कंपनीच्या चहागृहांमधून. त्यांचं पहिलं दुकान १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत निघालं आणि तिथल्या चटपटीत वाढणाऱ्या मुलींना पुढे "निप्पी" म्हणू लागले. अशा चहागृहांचं एक महत्त्व असं, की घरंदाज बाईला एकटीने बाहेर जाऊन बसता येईल अशी जागा त्या काळी फार नव्हती. रेशनचं म्हणाल, तर १९४० ते १९५२ इथे चहा रेशनवर होता. सुरुवातीला माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबांना तर दोन दिवस पुरला नसता."

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नेताना दुसऱ्या प्रकारातली छोटी जागा बरी. रांग नसते, मालकीणबाई स्वतः गप्पा मारायला येतात, आणि चूक झाली तरी दडपण येत नाही. मोठ्या नावाकडे नंतर जा.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहाच. एक, स्वच्छतेचा दर्जा: दारावर हिरवा-काळा स्टिकर असतो, ० ते ५ आकड्यांचा. इंग्लंडमध्ये तो दारावर लावणं सक्तीचं नाही, पण नेटवर सापडतो. दोन, जिने. जुन्या इमारती म्हणजे अरुंद जिने, आणि स्वच्छतागृह हमखास वरच्या मजल्यावर किंवा तळघरात. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर फोनवर विचारून घ्या. तीन, वार. बऱ्याच छोट्या टी रूम सोमवारी-मंगळवारी बंद असतात आणि चारला शटर ओढतात. आपल्या चहाच्या वेळेला त्यांची झाडलोट चालू असते.

३. बुकिंग

आफ्टरनून टीसाठी आधी सांगावंच लागतं. स्टँड भरायला त्यांना तयारी लागते, त्यामुळे आयत्या वेळी गेलात तर क्रीम टी मिळेल, पूर्ण थाट नाही. एक-दीड वाजताची वेळ घ्या आणि त्या दिवशी घरी जेवण करू नका. हे जेवणच आहे, वरचं खाणं नव्हे. "थोडंसं खाऊन निघू" म्हणणाऱ्या बाबांना दारातच अडवा.

तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावणातला सोमवार, आईचा वार. बयाणा भरलेला असला की २४ किंवा ४८ तास आधी कळवल्याशिवाय परत मिळत नाही, आणि चंद्रोदयाचं कारण त्यांच्या यादीत नसतं.

भेट मिळालेलं व्हाउचर वापरणार असाल तर त्यावरचं बारीक अक्षर वाचा. मला ऑफिसातून मिळालेल्या व्हाउचरवर "शनिवार-रविवार वगळून" असं होतं, आणि मी शनिवारी सहा जणांना घेऊन उभी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: शाकाहार. इथे "व्हेजिटेरियन" म्हणजे अंडं चालतं. केक, मेयोनीज, लेमन कर्ड, सगळ्यांत अंडं. स्कोनवर चकाकी यावी म्हणून वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. मूस, जेली, मार्शमॅलो यांत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांपासून बनतं. डिसेंबरात मिन्स पाय ठेवतात. त्यात मनुका-सफरचंदाचं सारण असलं तरी पारंपरिक कृतीत गाईची चरबी घालतात. "मिन्स" म्हणजे खिमा, हा शब्द ऐकून घाबरणारे आणि "नुसती फळंच आहेत" म्हणून खाणारे, दोघंही अर्धेच बरोबर. विचारा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी माझी युक्ती अशी: व्हीगन आफ्टरनून टी मागवा. बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस आधी सांगितलं तर करून देतात. मात्र व्हीगन म्हटलं की दूध, लोणी, क्रीमही जातं, आणि चहाला ओटचं दूध येतं. म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा: "व्हीगन स्टँड हवा, पण चहाला साधं दूध आणि स्कोनबरोबर नेहमीचं क्लॉटेड क्रीम द्या." पलीकडचा माणूस क्षणभर गोंधळतो. मग "एग-फ्री, मीट-फ्री, डेअरी इज फाइन" एवढं म्हणा. हे बोलून झालं की ईमेलवरही लिहून पाठवा, म्हणजे त्या दिवशी दुसरी कुणी मुलगी कामावर असली तरी दाखवता येतं.

वाटून खाण्याबद्दलही इथेच विचारा. चौघांत दोन स्टँड घेऊन उरलेल्या दोघांनी नुसतं बसणं अनेक ठिकाणी चालत नाही. पण दोन आफ्टरनून टी आणि दोन क्रीम टी असं चालतं, आणि मग टेबलावर काय कुणाच्या ताटात जातंय हे कुणी मोजत नाही.

४. बरोबर काय असावं

- बुकिंगचा ईमेल फोनमध्ये, आणि शाकाहाराबद्दलचा तो वेगळा ईमेलही
- ज्या कार्डाने बयाणा भरला ते कार्ड
- व्हाउचर असेल तर ते छापून. फोनवरचं चालेलच असं नाही
- थोडी रोख रक्कम. शहरात फक्त कार्ड घेणारे भेटतात, खेड्यात फक्त रोख घेणारे
- रिकामा डबा. का, ते शेवटी सांगते
- मधुमेहाच्या गोळ्या. हे हसण्यावारी नेऊ नका, स्टँडचे तीनपैकी दोन मजले साखरेचे असतात

पोशाखाचा बाऊ नको. लंडनच्या बड्या हॉटेलांत थोडं नीटनेटकं लागतं. छोट्या टी रूममध्ये लोक पावसाळी जाकिटात येतात. आई इरकल नेसून गेली होती आणि शेजारच्या दोन टेबलांवरून काठांची चौकशी झाली.

५. चहा मागवताना

चहाची यादी मोठी असते आणि इथेच आपली माणसं फसतात. आपल्या चवीला सगळ्यांत जवळचा आसाम. त्यानंतर इंग्लिश ब्रेकफास्ट किंवा यॉर्कशरचा घरगुती कडक चहा. दार्जिलिंग पातळ आणि सुगंधी, त्यात दूध घातलं तर चव गेली. अर्ल ग्रेला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास असतो, आत्या म्हणाली, "कपाला साबण राहिलाय." लॅपसांग सूचाँग हा धुरी दिलेला चिनी चहा बाबांनी नाव आवडलं म्हणून मागवला. पहिल्या घोटानंतर त्यांना आजीची चूल आठवली, दुसऱ्यानंतर त्यांनी किटली माझ्याकडे सरकवली.

माणशी एक किटली येते, बरोबर गाळणी, दुधाचं छोटं भांडं आणि गरम पाण्याची दुसरी किटली. ही दुसरी किटली कशासाठी ते कुणी सांगत नाही. चहा जास्त कडक झाला की त्यात ते पाणी घालायचं. आल्याआल्या ओतू नका. पानं तीन-चार मिनिटं मुरू द्या, मग गाळणी कपावर ठेवून ओता. दूध गार येतं. आपल्या लोकांना हे सगळ्यांत जास्त खटकतं. "वॉर्म मिल्क प्लीज" म्हटलं तर बहुतेक ठिकाणी तापवून देतात, कुणी वाईट मानत नाही. गरम पाणी संपलं तर पुन्हा मागा, त्याचे सहसा पैसे नसतात.

करंगळी वर करायची गरज नाही. इथली माणसंही करत नाहीत, ते फक्त नकलेत.

आणि बशीचं काय? आईला चहा बशीत ओतल्याशिवाय पिता येत नाही. पहिल्या खेपेला मी तिला डोळ्यांनी दटावलं. तिने बशी खाली ठेवली आणि कपातला चहा जीभ भाजत प्यायली. पलीकडच्या टेबलावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा हे बघत होते. ते मला म्हणाले, "पिऊ दे की. माझे आजोबा खाणीतून आले की बशीतच प्यायचे." नंतर वाचलं तर खरंच, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इकडेही बशीत ओतून प्यायची सर्रास पद्धत होती, मग ती अडाणीपणाची ठरली आणि मागे पडली. तेव्हापासून मी डोळे वटारणं बंद केलं. फक्त एक बघा: बोन चायनाची बशी आपल्या स्टीलच्या बशीपेक्षा उथळ असते. अर्धीच भरा.

६. स्टँड आल्यावर

खालून वर जायचं. खाली कडा कापलेली बोटभर लांबीची सँडविचं, मध्ये स्कोन, वर केक. स्कोन गरम आले असतील तर त्यांना आधी हात घालायलाही हरकत नाही.

सँडविच ओळखायला शिका. काकडीचं आपलं. हिरव्या बारीक पानांचं पिवळं सारण दिसलं तर ते अंडं. फिकट पिवळं, किंचित मसालेदार, मध्येच गोड लागतं ते कॉरोनेशन चिकन. राणी एलिझाबेथच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी केलेला करी पावडरचा हा प्रकार शाकाहाऱ्यांना वासामुळे "आपलं काहीतरी" वाटून फसवतो.

स्कोन सुरीने कापू नका, मधोमध हाताने उघडा; चांगला असेल तर आपोआप दोन भाग होतात. उच्चार "स्कॉन" की "स्कोन" यावर इथे घराघरांत भांडणं आहेत, तुम्ही काहीही म्हणा. त्यावर जॅम आधी की क्रीम आधी, हे त्याहून मोठं भांडण: डेव्हनवाले क्रीम आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम. क्लॉटेड क्रीम मात्र नीट बघा. मलई पसरट भांड्यात मंद तापवून, मग गार होऊ देतात आणि वर जो जाड पिवळसर थर धरतो तो काढून घेतात. कॉर्नवॉलच्या क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो. आईने चमच्याने थोडं उचललं, बोटांत चोळून पाहिलं आणि निकाल दिला: "साय आहे. म्हशीची असती तर आणखी बरी झाली असती."

कप उलटा करून खालचा शिक्का बघायची हौस मलाही आहे, पण चहा संपल्यावर. शिक्क्यावर स्टोक-ऑन-ट्रेंट दिसलं तर ते तिकडच्या कुंभारवाड्यातलं काम. सजवलेल्या टी रूममध्ये कपबश्या, किटल्या बऱ्याचदा विकायलाही असतात. ग्रामोफोनला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. आत्याने चावी फिरवली होती. पुढचं सांगत नाही.

७. बिल

बहुतेक ठिकाणी टेबल दीड-दोन तासांसाठीच असतं, हे लक्षात ठेवून बिल मागा. न मागता ते आणत नाहीत. खाली "सर्व्हिस चार्ज" आहे का बघा, बऱ्याचदा १२.५ टक्के असतो. तो दिलात तर वेगळी टीप नको. "ऑप्शनल" लिहिलं असेल आणि सेवा खराब असेल तर काढायला सांगता येतं. सर्व्हिस चार्ज लावलेलाच नसेल तर दहा टक्के ठेवा. टीप पूर्ण कामगारांनाच मिळाली पाहिजे असा कायदा ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे कार्डावर दिली तरी हरकत नाही.

आईबाबांना बिल दाखवू नका. पौंडाचे रुपये करायला त्यांना चार सेकंद लागतात, आणि मग घरी पोहोचेपर्यंत त्या पैशांत मिरजेत काय काय झालं असतं ते ऐकावं लागतं.

८. उरलेलं

उरतंच. मागितलं तर खोका देतात, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात, म्हणून डबा. यात लाजण्यासारखं काही नाही, शेजारच्या टेबलावरच्या इंग्लिश बायकाही तेच करत असतात. क्रीमचे केक त्याच रात्री संपवा, सँडविच सकाळपर्यंत वातड होतात. स्कोन मात्र टिकतो. आमच्याकडे उरलेले दोन स्कोन दुसऱ्या दिवशी आईने उभे चिरून तव्यावर तुपात खरपूस केले आणि घरून आणलेल्या साखरांब्याबरोबर खाल्ले. संकष्टी आदल्या रात्रीच सुटली होती.